खिडकीतल्या मॅडम, ते पैसे खरंच आले होते

मॅडम, नमस्कार.

नाव सांगून तुमच्या लक्षात यायचं नाही, दरवर्षी एवढी पोरं सोलापूर विद्यापीठाच्या ऑफिसातल्या त्या खिडकीशी येऊन जातात. पण ओटीपीवाला पोरगा म्हटलं तर येईल. मंगळवेढ्याकडचा, केमिस्ट्रीचा, 2022ची अ‍ॅडमिशन. तोच, जो भर दुपारी जेवायच्या सुट्टीत येऊन तुमच्यावर ओरडला होता.

आधी त्याबद्दल सॉरी. तेव्हा म्हणायचं राहून गेलं, म्हणजे खरं तर राहून नाही गेलं, लाज वाटली म्हणून म्हटलो नाही. झालं असं होतं की रूममधल्या दोघांच्या स्कॉलरशिपचे पैसे आले, माझे नाहीत, आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवर, मात्र माझ्या नावापुढं पैसे जमा झाले असं दाखवत होतं, इकडं मेसचे दोन महिने थकलेले, घरी डाळिंबाला तेल्या लागलेला त्यामुळं आबांना मागायची सोय नाही, आणि रूमवर एक शहाणा म्हणाला की ऑफिसात विचार, तिकडंच अडकले असणार. मी आलो आणि तोंडाला येईल ते बोललो. मागं पाचसहा पोरं उभी होती. तुमच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती एवढं मला आठवतंय कारण मी बोलत असताना सगळा वेळ तिकडंच बघत होतो, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

तुम्ही डबा बंद केला आणि म्हणाला, "पैसे आलेत. कुठं आलेत ते शोधू. आत ये, खुर्ची घे."

ही "कुठं आलेत" भानगड मला तोपर्यंत माहीतच नव्हती. मला वाटायचं आपण फॉर्ममध्ये जो खाते नंबर भरू तिथंच पैसे जाणार. तुम्ही सांगितलं की नाही, पैसे आधार नंबरवर निघतात, आणि आधार ज्या एका बँकेशी मॅप असेल तिथंच पडतात. आणि बँकेत खातं काढताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग, म्हणजे आधार त्या खात्याशी जोडणं, झालं असं नसतं, त्याला वेगळा फॉर्म सही करून द्यावा लागतो. मी आजपर्यंत निदान वीसपंचवीस जणांना हे सांगितलं असेल आणि दरवेळी समोरच्याचा चेहरा माझ्या त्या दिवशीसारखाच होतो.

मग आधारच्या साइटवर बघायचं तर ओटीपी लागतो आणि नंबर आबांचा. आबा रानात. पहिल्यांदा फोन लागला नाही, दुसऱ्यांदा लागला तर आबा म्हणाले मेसेज आलाय पण मला वाचता येत नाही, थांब बंड्याला हाक मारतो. आणि बंड्या बांधाच्या पलीकडं. फोनवर आम्हाला नुसतं "बंड्याऽऽ" ऐकू येतंय, स्क्रीनवर वेळ संपत चाललेली. पहिला ओटीपी गेला. दुसरा बंड्यानं वाचला पण एक आकडा उलटा सांगितला. तिसऱ्या वेळेला तुम्ही माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाला, "बाळा, एकेक आकडा सांग, घाई नाही." तेव्हा कुठं ते पान उघडलं आणि तिथं ज्या बँकेचं नाव आलं तिथं आपलं खातं आहे हेच मी विसरलो होतो. आठवीत असताना शाळेनं काढायला लावलेलं. पासबुक आईच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत सापडलं. पैसे होते, पण खात्यावर कित्येक वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं, केवायसी परत करावी लागली, त्यासाठी गावाकडं दोन चकरा झाल्या. पण मिळाले. सगळे.

तुमचं काम खरं तर "अर्ज मंजूर आहे, बँकेत विचार" एवढं सांगून संपत होतं, आणि तसं सांगितलं असतं तरी तुम्हाला कोणी काही म्हणालं नसतं.

पुण्याला गेलेले माझे मित्र चिडवायचे, तुमचं विद्यापीठ ते काय, एका जिल्ह्याचं. खरंय ते. 2004 ला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं ते फक्त सोलापूर जिल्ह्यापुरतं, आणि 2019 ला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव लागल्यापासून फॉर्मवर पूर्ण नाव लिहायला रकाना पुरत नाही. केगावला हायवेच्या कडेला ऊन खात उभं. पण त्यांना चार वर्षात त्यांच्या ऑफिसातल्या कुणी खुर्ची दिली का ते विचारा. (दिली असेल तर मी माफी मागतो.)

आणि दुसरं ते कमवा व शिका, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठातच काम करून पैसे मिळवायची योजना. पैशाचा प्रश्न मिटल्यावर तुम्हीच म्हणाला फॉर्म भर, दरवर्षी जागा असतात आणि पोरं लाजतात. मी पण लाजलोच. मला वाटलं बागेत पाणी घालायला लावतील आणि वर्गातल्या पोरी बघतील. त्यावर तुम्ही जे म्हणाला ते मी अजून जसंच्या तसं सांगतो, "कर्मवीर अण्णांच्या पोरांनी दगड फोडून शिक्षण केलं, तुला पुस्तकं उचलायला जड जातंय होय?"

लायब्ररीत लागलो. आलेली पुस्तकं नंबरानं परत रॅकला लावायची, एवढंच काम. 540 म्हणजे केमिस्ट्री, 547 ऑरगॅनिक. पहिल्या आठवड्यात वैताग होता. मग लक्षात आलं की जी पुस्तकं आम्ही पोरं नाही म्हणून झेरॉक्सवर पैसे घालवत होतो ती 547 च्या खालच्या कप्प्यात धूळ खात पडलेली, मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर दोनतीनच शिक्के. धूळ झटकून आधी मीच घेतली. शोधगंगा म्हणजे काय ते पण तिथंच कळलं, देशभरातल्या पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, आणि आम्ही प्रोजेक्टसाठी मागच्या वर्षीच्या सीनियरची फाईल कॉपी करत बसलो होतो. महिन्याचे पैसे फार नव्हते पण मेसला परत उधारी राहिली नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आली तेव्हा मी सेमिस्टरचं कारण काढून रूमवरच बसणार होतो. तुम्ही खिडकीतून हाक मारून म्हणाला, "सोलापुरात राहून नंदीध्वज नाही बघितले तर डिग्री देणार नाही." गेलो. आईसाठी बांगड्या आणल्या. हे आभारात बसतं का माहीत नाही, पण लिहिलं.

आता चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या कामाला, आहे. कंपनीची बस रोज विद्यापीठाच्या गेटवरून जाते. रोज वाटतं उतरावं, आणि बस काय थांबत नाही, आणि संध्याकाळी परत येताना ऑफिस सुटलेलं असतं. असं करत करत वर्ष गेलं.

आईनं मालदांडीची ज्वारी दिलीय तुमच्यासाठी, पाच किलो, निवडून. आबांनी बजावलंय की मॅडमना सांग, आता मला आकडे वाचता येतात. बंड्यानं शिकवले. येत्या शुक्रवारी सुट्टी टाकलीय, जेवायच्या सुट्टीआधी येतो. या वेळी डबा मी पण घेऊन येणार आहे.

तुमचा,
ओटीपीवाला