नादारीचा अर्ज आधी वकिलांना शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्जात बुडालेला माणूस वकिलाकडे आला की त्याला ठरलेले सल्ले मिळतात. बँकेशी बोलून तडजोड करा, जागा विका, नाहीतर नोटीस येऊ दे, मग बघू. स्वतः न्यायालयात जाऊन ‘माझ्याने कर्ज फिटत नाही, मला नादार जाहीर करा’ असे सांगण्याची वाट कायद्यात आहे, पण ती क्वचितच कोणी दाखवतो. कारण तो अर्ज कसा लिहायचा हे सल्ला देणाऱ्यालाच ठाऊक नसते. मी फोंड्यात दिवाणी वकिली करते आणि हे आमच्याच मंडळींबद्दल लिहिते आहे.

गोंधळ कायदा कोणता इथूनच सुरू होतो. नव्या वकिलांना विचारा, ते २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे नाव घेतील. पण संहितेचा व्यक्तींसाठीचा तिसरा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. कंपनीच्या कर्जाला सही दिलेल्या गोव्यातल्या संचालकाचे प्रकरण त्या कायद्याखाली मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, चालते. क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि सोसायटीचे कर्ज अशा तिहेरी कात्रीत सापडलेल्या टॅक्सीवाल्याला मात्र तो दरवाजा बंद आहे. त्याच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे, आणि त्याचा अर्ज जातो आपल्या जिल्हा न्यायालयात.

संहितेत गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाचे प्रकरण आहे. वर्षाचे उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि कर्ज ३५ हजार रुपयांच्या आत हवे, शिवाय स्वतःचे घर नको. ते लागू झालेलेच नाही. उद्या लागू झाले तरी या आकड्यांत बसणारा कर्जदार गोव्यात दिवा घेऊन शोधावा लागेल. जुन्या कायद्यातला आकडा त्याहून गमतीचा, पण कर्जदाराच्या पथ्यावर पडणारा आहे. कर्ज ५०० रुपयांचे असले तरी अर्ज करता येतो.

अर्जात काय असते? १९२० च्या कायद्याचे कलम १३ वाचले तर ते फारसे अवघड नाही. कर्ज फेडण्याची ऐपत नाही असे निवेदन, राहण्याचे ठिकाण, प्रत्येक सावकाराचे नाव-पत्ता आणि रक्कम, स्वतःची सगळी मालमत्ता किमतीसह, ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी, आणि पूर्वी असा अर्ज केला होता का, याचा खुलासा. कसब लागते ते यादी बनवताना. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, त्यानंतर डिचोलीकडचा एक टिपरमालक, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकचा मालक, माझ्याकडे आला होता. हातात प्लास्टिकची पिशवी. तीत टिपरच्या फायनान्सचे हप्त्यांचे पत्रक, सोसायटीची नोटीस, बायकोच्या बांगड्यांवरच्या सोनेतारणाची पावती, मेव्हण्याला जामीन राहिल्याचा कागद आणि एका खासगी सावकाराला सह्या करून दिलेल्या कोऱ्या चेकांचे नंबर, बिडीच्या पाकिटामागे लिहिलेले. त्याला विचारले, कर्ज किती? म्हणाला, टिपरचे तेवढे. बाकीचे त्याच्या हिशेबी कर्जच नव्हते. मेव्हण्याची जामीनकी, चेक, गावातल्या दुकानाची उधारी, हे सगळे काढून घेता घेता दुपार गेली. हा भाग कोणत्याच पुस्तकात नाही. तो ज्येष्ठांनी कनिष्ठांना शेजारी बसवूनच शिकवायला हवा.

मग पक्षकाराला खरे सांगणे आले. तारण घेतलेल्या सावकाराचा हात नादारीने अडत नाही. फायनान्सवाला टिपर नेऊ शकतो आणि सोने लिलावात काढता येते. नादारीतून मुक्तता, म्हणजे उरलेल्या कर्जातून न्यायालयाने दिलेली सुटका, झाली तरी सरकारी देणे, लबाडीने घेतलेले कर्ज आणि पोटगी सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही, आणि आपल्याकडे जामीनदार म्हणजे बहुधा भाऊ किंवा मेव्हणा, त्यामुळे या एका वाक्यावर पक्षकाराचा चेहरा पडतो. चेक बाउन्सचा फौजदारी खटला संहितेखालच्या अंतरिम स्थगितीनेही थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. मग उरते काय? बिनतारणी कर्जांचा रोजचा तगादा, जप्ती, आणि डिक्रीपोटी, म्हणजे न्यायालयाच्या वसुलीच्या हुकुमापोटी, अटकेची भीती, यांवर आडोसा मिळतो. ज्याची झोप याच गोष्टींनी उडाली आहे त्याला तो मोठा आहे.

अटकेवरून आठवले. पैशाच्या डिक्रीसाठी अटक करून कर्जदाराला न्यायालयापुढे आणले, की ‘तू नादारीचा अर्ज करू शकतोस’ असे त्याला सांगणे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५५ प्रमाणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. नुसती गरिबी हा माणसाला दिवाणी तुरुंगात टाकण्याचा आधार होऊ शकत नाही, हे न्या. कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्येच लिहून ठेवले. कर्जदाराच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाला या दोन गोष्टी तोंडपाठ हव्यात.

गोव्यात आणखी एक गुंता आहे, जो मुंबईचा वकील आपल्याला शिकवू शकणार नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, प्रत्येकाचा अर्धा अविभक्त हिस्सा. आयकर खातेसुद्धा अशा जोडप्याचे काही उत्पन्न अर्धे-अर्धे धरते. मग एकट्या नवऱ्याच्या नादारीच्या अर्जात घर पूर्ण दाखवायचे की अर्धे? कर्ज कोणाच्या सहीचे, धंद्यासाठी की घरासाठी, बायकोची संमती होती का? हे न विचारता ‘मालमत्ता: राहते घर’ असे लिहिणाऱ्या वकिलाने बायकोचा हिस्सा स्वतःच्या हाताने रिसीव्हरच्या, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या न्यायालयाच्या माणसाच्या, तोंडी दिला असे मी म्हणेन.

चुका पुढेही होतात. नादार जाहीर करताना न्यायालय मुक्ततेच्या अर्जासाठी मुदत घालते. ती चुकली तर मूळ हुकूमच रद्द होऊ शकतो आणि सावकार पुन्हा दारात. आणि ज्या गोव्यात प्रत्येक वाड्यावर पंचपदाचा एक तरी उमेदवार असतो, तिथे पक्षकाराला आधीच विचारावे, बाबा, निवडणुकीला उभा राहणार आहेस का? नादार माणसाला पंचायत-पालिकेत बसता येत नाही.

अमेरिकेत सामान्य माणसाच्या दिवाळखोरीचा अर्ज हे वकिलांच्या कचेरीतले नेहमीचे काम आहे. अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत कर्जदाराने समुपदेशन घ्यायचे, आणि अर्ज दाखल होताच बहुतेक वसुली आपोआप थांबते. आपल्या १९२० च्या कायद्यात संरक्षण असे आपोआप येत नाही, ते न्यायालयाकडे मागावे लागते, म्हणून मागणारा जाणता हवा. मिरामार आणि मडगावच्या विधी महाविद्यालयांनी, बार असोसिएशननी आणि विधी सेवा प्राधिकरणाने मिळून एखाद्या शनिवारी तालुक्याच्या ठिकाणी वर्ग घ्यावा. भाषणे कमी ठेवावीत. खऱ्या कागदांची एक पिशवी, नावे खोडून, प्रत्येकापुढे ठेवावी आणि संध्याकाळपर्यंत कलम १३ चा अर्ज लिहून घ्यावा. मुन्शी आणि कारकुनांनाही बोलवावे, कारण याद्या शेवटी तेच टाइप करतात. विधी सेवा कायद्याखाली महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नवऱ्याच्या कर्जावर सही करून बसलेल्या बायका त्या वकिलाकडे येणार आहेत, तेव्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांपासून सुरुवात करावी.

आपली,
एक वकील, फोंडा