"प्रार्थनेसाठी सांगते हं..."

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस लोकांच्या बोलण्यातल्या कडवटपणावर वाचकांची पत्रं येतायत, मी सगळी वाचली. बहुतेकांनी पुढाऱ्यांना आणि टीव्हीवरच्या चर्चांना धरलंय, ते बरोबरच आहे, पण मी ख्रिस्ती आहे आणि मला आमच्या घरातलं, म्हणजे मंडळीतलं (चर्चमधल्या आमच्या लोकांमधलं) बोलायचंय. जिभेबद्दलचा, बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा ३ रा अध्याय आम्ही लहानपणापासून ऐकतो, घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं छोटंसं सुकाणू, एका ठिणगीने पेटणारं रान, सगळं तोंडपाठ आहे. मला त्यातलं ९ वं आणि १० वं वचन जास्त टोचतं. ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप देतो, असं याकोब म्हणतो, आणि हे तो बाहेरच्या जगाला नाही सांगत, "माझ्या बंधूंनो" म्हणून सांगतो. म्हणजे पत्र आम्हालाच आलंय.

आता कुणी म्हणेल आम्ही कुठे शिव्याशाप देतो. नाही देत. आमच्याकडे हे वेगळ्या वाटेने होतं. "प्रार्थनेसाठी सांगते हं, कुणाला बोलू नका", असं म्हणून अमक्याचं लग्न मोडायला आलंय, तमक्याचा मुलगा दारू प्यायला लागलाय, हे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला भेटून कसा आहेस असं विचारणारा एकही नसतो. मी स्वतः असं केलंय. प्रार्थना खरंच केली होती का आठवत नाही, पण सांगितलं मात्र चार जणींना. बायबलच्या नीतिसूत्रांमध्ये चहाडीबद्दल जे लिहिलंय ते हेच आहे, वर प्रार्थनेचं नाव लावलं म्हणून ते बदलत नाही.

प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) १८ व्या अध्यायात क्रम किती स्पष्ट सांगितलाय बघा. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा, तू आणि तो, दोघंच. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने. तरी नाही ऐकलं तर मग मंडळीला सांग. आपण बरोबर उलटं जातो, आधी मंडळीला कळतं, मग नातेवाइकांना आणि त्या माणसाला सगळ्यात शेवटी, ते पण लोकांच्या नजरेवरून.

दुसरं म्हणजे "मी खरं बोलतो, कुणाला वाईट वाटो", हे मोठ्या अभिमानाने सांगणारे. इफिसकरांस पत्रात ४:१५ मध्ये येशूचा प्रेषित पौल सत्य प्रीतीने बोला म्हणतो, आम्ही सत्य उचललं आणि प्रीती तिथेच ठेवली. त्याच अध्यायात पुढे २९ व्या वचनात कुजकं भाषण तोंडातून निघू नये असं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द मत्तयात वाईट झाडाच्या फळासाठी आणि जाळ्यातून फेकून दिलेल्या माशांसाठी आलाय, म्हणजे खाणाऱ्याच्या पोटाला बाधेल असं बोलणं. ते खोटंच असायला पाहिजे असं नाही, खरं बोलणं पण नासलेलं असू शकतं. येशूपण कठोर बोललाच की, असं मला नेहमी ऐकवलं जातं. हो बोलला, परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कडक धर्मनियम पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, चुना लावलेल्या कबरी म्हणाला. पण ते अधिकाराच्या जागी बसून दुसऱ्यांवर जड ओझी टाकणारे लोक होते आणि तो त्यांच्या तोंडावर बोलला. व्यभिचारात पकडून आणलेल्या बाईसमोर तो आधी खाली वाकून जमिनीवर लिहीत बसला, दगड घेऊन उभे असलेले उत्तर मागत होते तरी लगेच बोलला नाही.

हे सगळं मी आता लिहितेय पण मला कळलं ते उशिरा. माझ्या एका मैत्रिणीचा तरुण मुलगा गेला. मी भेटायला गेले आणि तिच्याजवळ बसल्या बसल्या म्हटलं, देवाची काहीतरी योजना असेल गं, तो आता चांगल्या ठिकाणी आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला. नंतर बरेच दिवस ती उपासनेला आली तरी माझ्या बाजूला बसली नाही. मला आधी तिचाच राग आला, मी काय चुकीचं बोलले, वचनाला धरूनच तर बोलले. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली, सगळं गेलं, तेव्हा त्याला भेटायला आलेल्या मित्रांचं पण असंच झालं होतं, सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं.

मग योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय वाचताना एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. येशूचा मित्र लाजर गेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला म्हणते, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया येते आणि तिचंही वाक्य हेच. पण मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, तिला बोलायचं होतं, विचारायचं होतं. मरीया पायाशी पडून रडत होती, तिला त्याने शिकवण दिली नाही, तुम्ही त्याला कुठे ठेवलंय एवढं विचारलं आणि तो रडला. आणि हे, आपण लाजराला मेलेल्यातून परत उठवणार हे त्याला माहीत असताना! माझ्याकडे तर तसं काहीच नव्हतं, नुसतं एक तयार वाक्य होतं जे मी आतल्या भीतीने बोलून मोकळी झाले, कारण तिचं रडणं मला सहन होत नव्हतं.

तीन महिन्यांनी मी परत तिच्याकडे गेले. माफी मागितली, कारण वगैरे काही दिलं नाही. ती म्हणाली बस जरा, आणि आतून त्याच्या फोटोंचा अल्बम घेऊन आली. दोन तास तीच बोलत होती. मी मध्ये दोनदाच बोलले, दोन्ही वेळा फोटोत त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते विचारायला.

आपली,
एक वाचक