‘हुबेहूब’ एवढ्यावर भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोजच्या वापरातल्या वस्तूंसारखी दिसणारी आधुनिक शिल्पे, या विषयावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला अर्धे पान दिले, याचा आनंद आहे. पण लेखात ‘हुबेहूब’ हा शब्द सात ठिकाणी आहे आणि ब्राँझ, मेण, वजन, जाडी यांपैकी एकही शब्द कुठेच नाही. शेवटी लेखकाने विचारले आहे, इतके खऱ्यासारखे करायचे तर खरीच वस्तू का ठेवू नये? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी फार तत्त्वज्ञानात शिरावे लागत नाही, फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, एक चक्कर मारली तरी पुरते.

नेदरलँड्समधल्या लिस्से इथल्या ‘लॅम’ संग्रहालयातला प्रसंग लेखात हसण्यावारी नेला आहे. 2024 साली तिथल्या काचेच्या लिफ्टमध्ये ठेवलेले बिअरचे दोन चेपलेले कॅन लिफ्टच्या तंत्रज्ञाने कचरा समजून टाकून दिले. अलेक्सांद्र लाव्हे या फ्रेंच कलाकाराने ॲक्रिलिकने हाताने रंगवलेले ते काम होते. शोधाशोध झाली आणि कचऱ्याच्या पिशवीत ते सापडले. आता त्यांच्या शेजारी अमेरिकन कलाकार जॅस्पर जॉन्सचे 1960 सालचे दोन कॅन ठेवून पाहा. तेही बिअरचेच, पण ब्राँझमध्ये ओतलेले आणि वर लेबल तैलरंगाने रंगवलेले. आजचा रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन साधारण 14 ग्रॅम भरतो. त्याच मापाचा पोकळ ब्राँझचा कॅन 4 मिलिमीटर जाडीने ओतला तर किलोभर होतो, भरीव ओतला तर तीन किलोच्या पुढे जातो. असा कॅन उचलणाऱ्याला त्याचे मनगटच सांगेल की, गड्या, हा कचरा नव्हे. दोन्हींना आपण ‘हुबेहूब’ म्हणून मोकळे होतो, पण एक डोळ्यांना फसवतो आणि हातालाही सहज चकवू शकतो, दुसऱ्याचे बिंग उचलताक्षणी फुटते. शिवाय जॉन्सने ब्रशचे फटकारे लपवलेलेच नाहीत. त्याला पुरते फसवायचे नव्हतेच.

कचऱ्याने भरलेली काळी प्लॅस्टिक पिशवी घ्या. ब्रिटिश शिल्पकार गॅव्हिन टर्क 2000 सालापासून अशा पिशव्या ब्राँझमध्ये करतो आहे. लेख वाचून वाटते, पिशवी घेतली, साचा काढला, धातू ओतला, रंग मारला की झाले. पहिली अडचण साच्यातच येते. पिशवी लिबलिबीत असते, तिच्यावर सिलिकॉन रबर एकदम ओतले तर त्याच्या वजनाने चुण्या दबतात. आतून फोम भरून ती ताठ करावी, तर फोम फुगताना चुण्याच इस्त्री केल्यासारख्या सपाट करून टाकतो. म्हणून आत चुरगळलेले कागद आणि रिकाम्या बाटल्या भरतात, आणि रबराचा पहिला थर ब्रशने पातळ लावून पूर्ण धरू देतात. नंतरचे दोन-तीन थर दाट, एकूण जाडी 6 ते 8 मिलिमीटर. त्यावर प्लॅस्टरचे किंवा फायबरचे, तुकड्यांत सुटणारे कवच. एक बरे असते, पॉलिथिनला सिलिकॉन चिकटत नाही, त्यामुळे साचा सोडवताना खळखळ होत नाही.

धातू थेट या साच्यात ओतत नाहीत, आधी वस्तूची मेणाची प्रत करतात. त्यासाठी साच्यात मेण 4 मिलिमीटर जाडीने चढवायचे. निघालेली मेणाची पिशवी तीन-चार तुकड्यांत कापायची, प्रत्येकाला धातू आत जाण्याच्या आणि हवा बाहेर पडण्याच्या वाटा जोडायच्या. मग सिरॅमिक स्लरीत, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणाऱ्या पातळ लगद्यात, बुडवणे. पहिले दोन थर बारीक पुडीचे, कारण चुणीचा तपशील तेच पकडतात. वरचे सहा-सात जाड. प्रत्येक थर आतपर्यंत वाळलाच पाहिजे. कोल्हापूरच्या जुलैत याला दुप्पट दिवस लागतात, आणि घाई केली की कवच तडकते. मेण काढतानाही कवच हळूहळू तापवून चालत नाही. मेण वितळण्याआधी फुगते आणि कवच फोडते, म्हणून ते एकदम तापलेल्या भट्टीत सारतात, म्हणजे बाहेरचे मेण आधी वितळून आतल्याला फुगायला जागा होते. त्यानंतर कवच भाजून, ते गरम असतानाच मेणाच्या रिकाम्या झालेल्या जागेत सुमारे 1,150 अंशांचा ब्राँझचा रस ओततात.

तुकडे वेल्डिंगने जोडले की खरी कसोटी सुरू होते. जोड चुणीला आडवा गेला असेल, तर कानस आणि ग्राइंडर घेऊन तिथे चुणी नव्याने ‘ओढावी’ लागते. कमअस्सल काम ओळखायचे असेल तर पिशवीच्या पोटावर अशी जागा शोधा, जिथे एक चुणी कारणाशिवाय थांबून पुढे पुन्हा सुरू होते.

आकुंचनाचा हिशेब वेगळाच. मेण आणि धातू दोन्ही थंड होताना आटतात, मिळून शेकडा 2 ते 3. पिशवीत ते कोणाला कळत नाही. पण 12 सेंटिमीटरचा कॅन 3 मिलिमीटरने बुटका होतो, आणि शेजारी खरा ठेवला तर लहान मूलही सांगते. मापाची वस्तू असेल तर मूळ नमुनाच तेवढा मोठा करून घ्यावा लागतो.

आणि कड. खऱ्या पिशवीचे प्लॅस्टिक 0.05 मिलिमीटरच्या आसपास, ब्राँझ मात्र 3 मिलिमीटरच्या खाली नीट वाहत नाही. मग गाठीवरचे मोकळे टोक पातळ कसे दिसणार? ते मागच्या बाजूने तिरके घासतात, म्हणजे समोरून फक्त धार दिसते. प्रदर्शनात शिल्पाच्या मागे जाऊन गाठ पाहा, जाडी तिथे लपवलेली असते.

रंगात सगळ्यात जास्त नासाडी होते. प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक लेप, मिळून सहज 0.1 ते 0.15 मिलिमीटरचा थर बसतो, तेवढ्यात बारीक चुण्या बुजतात. त्यामुळे मेणातच त्या नेहमीपेक्षा खोल कोरायच्या. चकाकी सगळीकडे सारखी मारली की पिशवी खेळण्यातली दिसते. चुणीचा माथा चमकतो आणि खोबण मंद असते, म्हणून क्लिअरमध्ये मॅटचे प्रमाण कमी-जास्त करून दोन-तीन हात द्यावे लागतात. ओतकामातली सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजवली नाहीत, तर त्यांत ॲसिडचा किंवा पाण्याचा अंश राहतो आणि एखाद्या पावसाळ्यानंतर रंगाला फोड येऊन खाली हिरवे दिसू लागते.

एवढे वाचल्यावर कळेल की अशा शिल्पांत काळ्या पिशव्या, पत्र्याचे डबे, पुठ्ठ्याची खोकी, दगड हेच वारंवार का येतात. धातूतून उजेड आरपार जात नाही. दुधाची पिशवी, द्राक्षे किंवा केळीचे पान ब्राँझमध्ये करून पाहा, कितीही रंगवा, मेलेलेच दिसते. तिथे रेझिन किंवा काच लागते, आणि रेझिन उन्हाने पिवळे पडते.

आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी फळे प्रसिद्ध आहेत, तीही खऱ्यासारखी. फरक असा की तो आंबा कुठलाही आंबा असतो, ठरावीक एका फळाची प्रत नव्हे. शिल्पकार सुबोध गुप्ता यांच्या ‘आम आदमी’ या कामात पेटीतले आंबे रंगवलेल्या ब्राँझचे आहेत. पाव किलोचा आंबा 4 मिलिमीटरच्या पोकळ ब्राँझमध्ये सुमारे 600 ग्रॅम होतो, भरीव असेल तर दोन किलोंच्या वर. व्हिया सेल्मिन्स या अमेरिकन कलावतीने तर 1977 ते 1982 अशी पाच वर्षे केवळ 11 दगडांवर घालवली. प्रत्येकाची ब्राँझ प्रत ओतून ठिपका न् ठिपका रंगवला आणि अस्सल-नक्कल शेजारी मांडले. तिथे ‘खरीच वस्तू का नाही’ हा प्रश्नच उरत नाही, कारण खरीही समोर आहे.

उलट बाजूने स्वित्झर्लंडची फिश्ली आणि वाइस ही कलाकार जोडी. त्यांनी बादल्या, फळ्या, रंगाचे डबे पॉलियुरेथेन फोममधून कोरून रंगवले. जड दिसणारी वस्तू उचलली तर कापसासारखी. चिनी कलाकार आय वेवेच्या 2010 च्या सूर्यफुलाच्या 10 कोटी बियांबद्दल लेखात दोन ओळी आहेत, पण त्या चिनी मातीच्या होत्या आणि चीनमधल्या जिंगदेझेन शहराच्या सुमारे 1,600 कारागिरांनी हाताने रंगवल्या होत्या, हेच राहून गेले. ते कळल्याशिवाय लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने जमिनीवर पसरलेल्या त्या बियांवर चालणे काही दिवसांतच का बंद केले, हेही कळणार नाही. लोकांच्या पायांखाली बिया घासून मातीची धूळ उडत होती.

म्हणून दोन सूचना. आपल्याकडच्या गॅलऱ्यांत अशा शिल्पांखाली ‘मिश्र माध्यम’ एवढीच चिठ्ठी लावतात, ती कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘ब्राँझ, तैलरंग, पोकळ, जाडी 4 मिलिमीटर, वजन 35 किलो’ आणि खाली ओतकाम कोणी, कुठे केले त्याचे नाव, एवढे मराठीत लिहायला चार ओळी पुरतात. शेजारी साखळीने बांधलेला, न रंगवलेला वीतभर तुकडा ठेवला तर लोक शिल्पाला हात लावणार नाहीत, त्या तुकड्याला लावतील.

दुसरी सूचना आपल्यासाठी. पुढच्या वेळी छायाचित्रकाराला एक फोटो शिल्पाच्या तळाचाही घ्यायला सांगा. तिथे बहुधा रंग नसतो.

आपले,
शिल्पांचे ओतकाम आणि रंगकाम करणारे काही वाचक,
कोल्हापूर