बाळ्यास, इस्त्रीवाल्याकडून

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुझे तीन मेसेज येऊन पडलेत आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, शिव्या घाल, ऐकून घेतो. फोन करणार होतो पण फोन केला की मंगल शेजारी येऊन बसते, वहिनींशी बोलायचंय म्हणून, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून पोरीच्या लॅपटॉपवर टाइप करत बसलोय, एका बोटानं, चुका होतील त्या सांभाळून घे. तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, बीपीची गोळी चालू. झालं.

तर आम्ही केरळला जाऊन आलो. हाउसबोट. तू म्हणशील दिग्या आणि हाउसबोट, रंकाळ्यात पेडल मारताना ज्याला चक्कर आल्ती तो. (मला नव्हती आली, तुला आल्ती, आणि ओकलास तू माझ्या नव्या पँटवर, ते सोयीनं विसरतोस.) साडूंनी ठरवलं, इचलकरंजीच्या. ते आणि मेव्हणी, मी आणि मंगल, दोन खोल्यांची बोट. मिरजेत पूर्णा एक्सप्रेस धरायची, एर्नाकुलमला उतरायचं, तिथनं गाडीनं अलप्पुळा. मी मंगलला दोनदा विचारलं, बोटीत राहायचंय, रात्रीपण पाण्यावरच, जमणार का. म्हणाली, "मला काय होतंय, येतो की मी." मलापण तेवढंच ऐकायचं होतं.

आता बॅगा. माझं तुला माहितीच आहे, आदल्या रात्री दहा मिनिटं. दोन पँटी, तीन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, सॅकची चेन ओढली की विषय संपला. मंगलचं पंधरा दिवस आधी सुरू झालं. आतल्या खोलीतली कॉट कपड्यांनी भरून गेली, मी झोपायचो हॉलमधे. कांदालसूण चटणी एक किलो, भडंग, शेंगदाण्याची चटणी, वाळत घालायला दोरी आणि चिमटे, दोन टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. आणि शिट्टी. पीटीच्या मास्तरांची असते तसली. म्हटलं ही कशाला, तर म्हणाली असू दे.

सगळ्यात वर काय असावं? तेलाचे रिकामे कॅन. पाच लिटरचे दोन, झाकणं घट्ट लावून. अर्धी ट्रॉली त्यांनीच खाल्ली. मी हसून हसून बेजार, म्हटलं अगं लोक बॅगेत वजन भरतात, तू हवा भरालीस! ती काय बोलली नाही, गप चेन लावत बसली. आपण पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, तू आणि मी, पण ते कॅन कशासाठी आहेत हे काय माझ्या टाळक्यात शिरलं नाही बघ.

इकडं साडूंकडं उलटंच. तुला वाटतं ना बायकांच्याच बॅगा मोठ्या, तू साडूंची बघायला पाहिजेस. प्रत्येक शर्ट वेगळ्या पिशवीत आणि त्यावर मार्करनं लिहिलेलं, "रविवार संध्याकाळ". बॅग हुकाच्या काट्याला अडकवून तोललेली. बोटीत कॉटखाली कडक सुटकेस मावत नाही, मऊ बॅगच आणा, हा मेसेज ग्रुपवर चार वेळा टाकला, आणि मंगलनं काढली ती लग्नातली लाल कडक ट्रॉली. मेव्हणी मात्र एका झोळीत. दोन साड्या, एक पुस्तक, बास. बेळगाव यायच्या आत तिनं साबण मागितला, लोंढ्याला कंगवा, मडगावच्या आधी स्वेटर. साडू प्रत्येक वेळी देणार आणि म्हणणार, लिस्टमधे तुझं नाव लिहिलं होतं मी, तू टिक केलं नाहीस. चाळीस वर्षांचा संसार, गाडीत सगळ्यांसमोर कंगव्यावरनं भांडण. मला लई बरं वाटलं. म्हटलं चला, आपल्याकडंच नाही हे.

बोटीवर चढताना चपला बाहेर काढायच्या असतात, आत अनवाणीच. कॅप्टन म्हणजे पन्नाशीचा माणूस, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यानं ती लाल ट्रॉली उचलली, हलवून बघितली, आत डबडब वाजलं, माझ्याकडं बघून हसला. मी मान फिरवली. मग तो साडूंना माहिती सांगायला लागला, ही बोट म्हणजे केट्टुवळ्ळम, केट्टु म्हणजे बांधलेलं, पूर्वी ह्यातनं भाताची पोती न्यायचे, फळ्या काथ्याच्या दोरीनं बांधतात, खिळा एकही मारत नाहीत. साडू खूश, मोबाइलवर शूटिंग. मंगल म्हणाली, "एकपण खिळा न्हाई?" आणि खाली बसून फळीवर हात फिरवून बघितला. मी परत हसलो. किती हसावं माणसानं बाळ्या.

कुट्टनाड म्हणून भाग आहे तिथला, तिथनं बोट जाते. कॅनॉलचं पाणी वर आणि भाताची शेतं खाली, मधे नुसता बांध. म्हणजे आपण बोटीतनं खाली शेताकडं बघायचं, शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत म्हणे. बांधावर घरं, दारात बायका भांडी घासालेल्या, पोरं शाळेला बोटीनं. साडू म्हणाले काय निसर्ग आहे. मंगल उठून कॅप्टनशेजारी जाऊन बसली आणि तिच्या त्या हिंदीत विचारलं, पाणी घर में आता क्या. तो म्हणाला २०१८ ला ऑगस्टमधे सगळं कुट्टनाड रिकामं केलं, हाउसबोटीसुद्धा माणसं काढायला लावल्या, त्यानं स्वतः तीन दिवस माणसं नेली. आपल्या कोल्हापूरच्या पुराच्या बरोब्बर एक वर्ष आधी बघ. मंगल विचारतीय काय तर, "लोगों ने सामान क्या लाया?" किती लोक वाचले, कोण गेलं, काही नाही. सामान काय आणलं. तो म्हणाला शेळ्या, टीव्ही, पोरांची दप्तरं, एक म्हातारी नुसता कुकर घेऊन आली, भातासकट. मंगलनं मान हलवली. त्यानंतर दोघं कितीतरी वेळ बोलत होती, मी मागं खुर्चीत होतो, इंजिनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

साडेपाचला बोट काठाला बांधून टाकली, रात्री कोळ्यांची जाळी असतात म्हणून. जेवायला करीमीन मासा, मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला, नाद खुळा, आणि मंगलची चटणी त्यावर, कुकनं दोनदा मागून घेतली. जेवताना विषय पॅकिंगवर आला, साहजिकच. आणि साडूंनी विचारलं, तुमच्याकडं पूर आल्ता तेव्हा बोटीत बसायच्या आधी किती वेळ मिळाला होता हो? आणि मी सुरू झालो. तीच स्टोरी बाळ्या. धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी पंचावन्नच्या वर, शुक्रवार पेठेत कमरेएवढं, जवान ओरडतोय एक एक बॅग, जल्दी, आणि मी पाच मिनिटांत बॅग भरली, कागदं वाचली. मी "वाचवली" म्हणत नाही कधी, "वाचली" म्हणतो, माझं मला माहीत असतं म्हणून. साडू म्हणाले, मानलं तुम्हाला, पॅकिंग म्हणजे हे. मंगल म्हणाली, "पापड घ्या."

एवढंच. पापड घ्या.

खरं काय ते तुला, मला, वहिनींना आणि तिला. चारच माणसं. ती आईला धरून दारात होती, आईच्या औषधांचा डबा काखेत, आणि तिथनं ओरडून विचारलं, अहो, खालच्या कप्प्यातलं घेतलं काय? आणि मी म्हटलं घेतलं, चल. मी खालचा कप्पा उघडलाच नव्हता. मला आठवतच नाही मी काय करत होतो, हात चालत होते एवढं आठवतंय. राजारामपुरीत तुझ्या सोफ्यावर बॅग उघडली तर तीन शर्ट, दाढीचं सामान आणि इस्त्री. तू अकरा दिवस हसलास. इस्त्रीवाला. आणि पाणी उतरल्यावर तो कप्पा पान्याच्या दांड्यानं उचकटून काढला, सगळा लगदा, ते तुझ्या गच्चीवर आणून त्याच इस्त्रीनं, वर पेपर ठेवून, एकेक पान वाळवलं आपण, प्रॉपर्टी कार्ड, एलआयसी, पोरांची सर्टिफिकेटं. तू म्हणायचास इस्त्री आणलीस ते बरं केलंस मर्दा. तिथनंच माझी स्टोरी तयार झाली, आणि तू कधी फोडली नाहीस, ते उपकार आहेत तुझे.

पण फोटोंची पिशवी पण त्याच कप्प्यात होती. मंगलच्या दादांचे फोटो, ते गेल्यावर तिच्या आईनं दिलेले, सगळे एकमेकांना चिकटलेले. वहिनींनी परातीत पाणी घेऊन सोडवायला बघितले आणि रंगच निघून आला पाण्यात. एक अर्धा राहिला, दादांचा हात आणि सायकलचं हँडल.

तर त्या बोटीत रात्री अडीचला मी बाथरूमला उठलो. मंगल कॉटवर बसलेली. साडी नेसून, केस बांधून, पायात चपला, म्हणजे चपला पेपरात गुंडाळून आत आणल्या होत्या तिनं. मांडीवर हँडबॅग, दोन्ही हातांनी धरलेली. म्हटलं काय झालं. म्हणाली, "आवाज येतोय." कसला? "तसलाच." मी कान दिला. बोटीच्या खालनं पाणी लागत होतं, चुबुक, चुबुक, हळू, मोरीतनं पहिल्यांदा वर आलं होतं तसं. म्हणाली, "मी जागाच आहे, तुम्ही झोपा."

मी झोपतोय कसला. शेजारी बसलो. थोड्या वेळानं तिनं हँडबॅगची चेन उघडून आत चाचपलं आणि परत लावली, परत उघडली. तेव्हा दिसलं. जाड प्लास्टिकची फाइल, आत सगळं, प्रॉपर्टी कार्ड, माझे पेन्शनचे कागद, पासबुकं, ती इस्त्री केलेली कडक झालेली सर्टिफिकेटं, आणि तो अर्धा फोटो. केरळला! घरी कुलूपबंद कपाटात नाही, पहिल्या मजल्यावर नाही, बरोबर. मी म्हणणार होतो बाळ्या, शप्पत, तोंडापर्यंत आल्तं, की त्या दिवशी मी खोटं बोललो. पलीकडनं साडूंचं घोरणं ऐकू यायला लागलं आणि मी म्हटलं, चहा मिळतो काय बघू का. रात्री अडीचला. ती म्हणाली नको, त्या लोकांना कशाला उठवता.

सकाळी आठला इडली खाल्ली, नऊला उतरलो. साडूंचा "सोमवार सकाळ"वाला शर्ट मेव्हणीनं घातला होता. फोटोत सगळे हसालोय, बघशील.

आता येऊन तीन आठवडे झाले. चटणी, भडंग बाहेर आलं, कपडे धुतले, पण ती लाल ट्रॉली रिकामी झाली नाही. कॉटखाली आहे, मी काल ओढून बघितली, टॉर्च, शिट्टी, माझा एक शर्ट-पँट, तिची एक साडी, नवे ब्रश पॅकिंगसकट. म्हणजे ही आधीपासनंच अशी भरलेली असणार, आणि मी कधी वाकून बघितलं नाही. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आपलं सामान वर चढवून झालं होतं, आठवतंय? तू म्हणालास वहिनी हवामान खात्याच्या पुढं आहेत. मीपण हसलो होतो. पोरगा म्हणतोय आता पेठेतलं घर विका, वरच्या बाजूला फ्लॅट घ्या. मी तिला विचारलं. म्हणाली, "घर कशाला विकायचं, बॅग आहे की भरलेली."

ह्यावर काय बोलायचं सांग तू.

मला एकच पाहिजे तुझ्याकडनं. त्या दिवशी सोफ्यावर इस्त्री निघाली तेव्हा मंगल काही न बोलता आत स्वयंपाकघरात गेली आणि मागनं वहिनी गेल्या. अर्धा तास होत्या दोघी. मी तुला नंतर विचारलं काय म्हणाली, तू म्हणालास काही नाही, चहाचं विचारत होती. तू खोटं बोलालास की तुझा डावा कान लाल होतो, शाळेपासनं, फुटबॉलमधे पाटाकडील तालमीनं तुमच्या शिवाजी मंडळाला हरवल्यावर मी मॅच बघितलीच नाही म्हणायचास तेव्हापासनं. वहिनींना विचार. त्यांना आठवत असेल. मला जे असेल ते लिही, मऊ करून लिहू नकोस. तिला माहीत होतं का तेव्हा, की मी कप्पा उघडलाच नाही? की तिला आजपण वाटतं मी उघडला होता आणि गडबडीत घ्यायचं राहिलं? कारण माहीत असेल तर सहा-सात वर्षं ती माझी स्टोरी ऐकत पापड वाढतीय, आणि मग मी काय तोंडानं सांगायचं.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन करणार की नुसतं डॉक्टर बदलत बसणार. नातू चालायला लागला म्हणे, फोटो पाठव. पुण्याची मिसळ आवडायला लागली असं स्टेटस टाकलंस ते वाचलं, त्यावर वेगळं पत्र लिहीन, मोठं. त्र्यंबोलीच्या जत्रेला या दोघं, आता राजारामपुरी नाही तर आमच्याकडंच उतरायचं. येताना सामान कमी आणा, कॉटखाली जागा नाही.

ती बाजारातनं आली, दार वाजलं. थांबतो.

तुझा
दिग्या

ता. क. उतरताना त्या कॅप्टननं तेलाचे कॅन मागितले, डिझेल भरायला बरे पडतात म्हणून. मंगलनं एकच दिला.