व्हिएन्नातल्या ताईंना, बंड्याच्या घरच्यांकडून

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायच्या आतच तुमची गाडी आली, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहिते आहे. व्हिएन्नातल्या कुणा मराठी माणसाच्या नजरेस पडलं तर ते तुमच्यापर्यंत नक्की पोचेल.

रविवारी सकाळी मुख्य रेल्वे स्टेशनखाली यू-१ मेट्रोच्या फलाटावर आम्ही खोळंबलो होतो. मी, नवरा, लेक, साताऱ्याहून आलेली माझी आई आणि आमचा कुत्रा बंड्या. त्याच्या मुसक्याचं बक्कल तुटलं होतं. व्हिएन्नात मेट्रो असो वा ट्राम, कुत्र्याला पट्टा आणि मुसकं दोन्ही लागतं. त्यात रविवार, बहुतेक दुकानं बंद. टॅक्सीवाला कुत्र्याला घेईलच असं नाही आणि आईच्या गुडघ्यांना प्राटर या मोठ्या बागेपर्यंतची चाल झेपणारी नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "तुम्ही या गं फिरून, मी बसते याच्यापाशी खोलीवर." ते तुमच्या कानावर पडलं आणि तुम्ही वळलात.

आईचं ते बोलणं मला का लागलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. बंड्या आमच्या साताऱ्याच्या गल्लीतला. भारतातून कुत्रा युरोपात आणायचा म्हणजे आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, निदान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि तो चांगला निघाला तरी नमुना घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. आम्ही म्युनिकला होतो, हे सगळं आईने एकटीने निभावलं. जिच्यामुळे तो आमच्यापर्यंत पोचला, तिनेच त्याच्यापायी खोलीत बसून राहायचं?

तुम्ही मैत्रिणीला फोन लावलात. तिचा मोठा कुत्रा वारला होता, पण त्याचं मुसकं तिने जपून ठेवलं होतं. ते घेऊन ती येईपर्यंत तुम्ही आमच्यासोबत थांबलात, स्वतःच्या गाड्या सोडून दिल्यात. मग बंड्यासमोर गुडघे टेकून बसलात. आधी त्याला हात हुंगू दिलात, जाळीच्या आत बिस्किटाचा तुकडा धरलात आणि त्याने आपणहून नाक आत घालेपर्यंत वाट पाहिलीत. पट्ट्याखाली बोट सरकवून सैल आहे ना ते बघितलंत. "धापा टाकायला तोंड उघडता आलं पाहिजे, पाणीही पिता आलं पाहिजे," असं लेकीला सांगितलंत आणि तिलाच एकदा काढून पुन्हा बांधायला लावलंत. आता घरी ते काम तिचंच आहे. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही.

त्याचं अर्ध्या दराचं तिकीटही तुम्हीच काढून दाखवलंत.

प्राटरला आईचा सगळा दिवस सुखात गेला. सम्राट दुसऱ्या योसेफने १७६६ साली आपलं शिकारीचं रान लोकांना खुलं केलं, तेच हे, असं नवऱ्याने तिला सांगितलं. तिला जास्त आवडली ती चेस्टनटच्या झाडांमधली चार किलोमीटरहून लांब सरळ वाट. थोडं चालायचं, बाकावर टेकायचं, बंड्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. तुम्ही म्हणाला होतात तसंच कॅफेत वेटरने मेनूकार्डाच्या आधी त्याच्यासाठी पाण्याचं भांडं आणून ठेवलं. आईने त्या वेटरला चक्क हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याच यू-१ने डोनाउइन्सेल या डॅन्यूब नदीतल्या बेटावरही जाऊन आलो. कॅथेड्रल, संग्रहालयं यावेळी आतून पाहिली नाहीत आणि त्याची कुणालाच हळहळ वाटली नाही. सगळे एकत्र होतो.

तुमच्या मैत्रिणीला आमचा नमस्कार सांगा. घाईत तिच्याशी धड बोलताही आलं नाही. आपल्या कुत्र्याची आठवण तिने आमच्या हाती दिली, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. "ठेवा तुमच्याकडेच," असं ती म्हणाली होती, पण कधी ते परत हवंसं वाटलं तर मी स्वतः आणून देईन. आणि तुम्ही दोघी म्युनिकला आलात तर उतरायचं ते आमच्याकडेच. आई दिवाळीपर्यंत इथे आहे. तुम्हाला पुरणपोळी करून वाढायची असं तिने मनाशी पक्कं केलंय.

तुमची,
बंड्याची आई