ओट्याच्या ग्रॅनाइटवर लिहिलंत, आता कबरीच्या शिळेवरही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तू पुरवणीत स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कसा घ्यावा यावर पानभर मजकूर आला होता. डाग, चिरा, झिलई, दर, सगळं नीट होतं. तोच दगड, त्याच गोदामातून, त्याच कारागिराकडून कापून घेऊन आम्ही ख्रिस्ती लोक आपल्या माणसाच्या कबरीवर बसवतो. मळ्यात आईवडिलांची समाधी बांधणारे शेतकरीही तिथेच येतात. ओट्याचं गिऱ्हाईक चार दुकानं हिंडून घासाघीस करतं. शिळेचं गिऱ्हाईक मान खाली घालून येतं आणि सांगतील ते पैसे मोजून जातं. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

माझी पत्नी गेल्या वर्षी ख्रिस्तवासी झाली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मी नगरच्या छापखान्यांत आधी खिळे जुळवले, नंतर निवृत्त होईपर्यंत मुद्रितं तपासली. 'ज्ञानोदय' १८४२ साली ज्या गावातून निघालं त्या गावात अक्षराची चाड असायला हवी, अशी माझी आपली एक समजूत आहे. ती शिळेच्या खरेदीत बरीच ताणली गेली.

दफनाला आठवडा होतो न होतो तोच एका दुकानाचं कार्ड घरी आलं. 'महिन्याच्या प्रार्थनेच्या आत बसवून देतो' असा निरोप सोबत होता. ही घाई फक्त दुकानदाराच्या सोयीची. नवी कबर भरली की माती भुसभुशीत असते, ती खाली बसायला निदान एक पावसाळा जावा लागतो. त्यात आमच्याकडची काळी माती. पावसात फुगते, चैत्र-वैशाखात तिला पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्या कबरस्थानात कललेल्या शिळा पाहा, बहुतेक घाईने बसवलेल्या निघतील. उभी शिळा लावायची तर डोक्याच्या बाजूला, खणलेल्या खड्ड्याच्या बाहेर, न हललेल्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत उकरून काँक्रीटचा पाया घालावा लागतो. हे मला एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं. दुकानात याचा कोणी उच्चारही केला नाही. माती बसेपर्यंत लाकडी क्रूस पुरतो. आमच्या मुलांना ते थोडं लागलं, पण पावसाळा जाऊ दिला.

आता दगड. नगर जिल्हा सगळा लाव्ह्याच्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा. आमच्याकडच्या जुन्या कबरी त्याच दगडाच्या, टाकीने घडवलेल्या. ग्रॅनाइट इथे निघत नाही. महाराष्ट्रात तो निघतो नांदेडच्या देगलूर भागात, विदर्भाच्या पूर्व टोकाला आणि सिंधुदुर्गाकडे. आमच्या दुकानांत जो दिसला तो सगळा बाहेरचा: करीमनगरकडचा तपकिरी, आंध्रात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा चांदण्या असलेला काळा, कर्नाटकातल्या इलकलचा लाल. निव्वळ काळा म्हणून जो विकतात तो भूशास्त्राच्या हिशेबी बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट नावाचा दुसराच दगड असतो. दगड म्हणून तो उत्तमच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती रंगवलेल्या काळ्याची.

एका दुकानात मला फार स्वस्तात गर्द काळी फरशी दाखवली. नात सोबत होती. तिच्या पर्समधला नेलपॉलिश काढायचा द्राव कापसावर घेऊन मी फरशीच्या कोपऱ्यावर घासला. कापूस काळा झाला. राखाडी दगडाला शाई आणि तेल पाजून काळा केलेला माल होता तो. दोन-चार उन्हाळे काढले की असा दगड फिका पडतो, तोही सारखा नाही, ठिगळाठिगळांनी. दुकानदार म्हणाला, 'काका, ही पॉलिशची काजळी आहे.' आम्ही उठलो. अस्सल काळ्यावर कापूस पांढराच राहतो, हे पुढच्या दुकानात पडताळून पाहिलं.

जाडीचंही तसंच. अठरा एमएम म्हणून सांगितलेल्या फरशीला मी छापखान्यातली पोलादी पट्टी लावली, साडेपंधरा भरली. ओट्याला खालून आधार असतो, तिथे चालून जातं. उभ्या शिळेला एवढी पातळ फरशी घेतली की मागे विटांची भिंत बांधून तिच्यावर ती चिकटवतात. भिंतीत पाणी मुरतं, सिमेंट सुटतं आणि एक दिवस फरशी तोंडावर पडते. अखंड शिळा दोन इंच तरी जाड हवी. दोन फूट रुंद, तीन फूट उंच, दोन इंच जाड शिळा म्हणजे बरोबर एक घनफूट दगड, वजन ७५-८० किलो. तेवढ्याच मापाची अठरा एमएमची फरशी २७ किलोच्या आसपास भरते. पैसे कशाचे घेतले हे वजनावरून आंधळ्यालाही कळेल. काँक्रीटच्या पायात शिळा बसवताना खुंटी स्टेनलेस स्टीलची आहे का, हे उभं राहून पाहावं. साधी लोखंडी सळई गंजते, गंजली की फुगते आणि शिळा खालून तडकते. आमच्या शेजारच्याच ओळीत अशी एक आहे.

रंगावरून घरात दोन तट पडले. मुलीला काळा हवा होता, त्यावर लेसरने आईचा फोटो. लेसरचं काम काळ्यावरच उठून दिसतं, कारण तो फक्त वरची झिलई खरवडून राखाडी करतो. खोली जवळपास नसतेच. धूळ, पाऊस आणि दरवर्षी शिळा घासणारे हात यांच्यापुढे तो चेहरा किती टिकेल, याची मला शंका वाटली. शिवाय त्या फोटोत तिचा चष्मा पुसट आला होता आणि चष्म्याशिवाय तिला शाळेतल्या एकाही पोराने ओळखलं नसतं. मी लाल इलकल म्हणालो. तिचं कपाट इरकली लुगड्यांनी भरलेलं होतं, ती लुगडी ज्या इलकलची, तिथलाच हा दगड. हे ऐकल्यावर मुलगी गप्प झाली आणि मग तिनेच दुकानात जाऊन त्यातला कमी ठिपक्यांचा तुकडा निवडला. लालवर लेसरने भागत नाही, अक्षरं वाळूच्या माऱ्याने खोल कोरावी लागतात. मला तेच हवं होतं.

आणि इथे माझा खरा विषय सुरू होतो. कोरण्याचा दर प्रत्येक अक्षरामागे असतो. मी विचारलं, अक्षर कसं मोजता? उत्तर आलं, कॉम्प्युटर मोजतो. 'ख्रिस्तवासी' या शब्दात मला चार अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरने अकरा दाखवली, कारण तो पाय मोडल्याची खूण, वेलांटी, काना सगळं सुटं धरतो. मराठी माणसाने जोडाक्षरांचा दंड का भरावा? बरीच हुज्जत घालून दर ओळीवर आणला.

मग प्रूफ. 'व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय, ओके म्हणा.' मोबाइलच्या पडद्यावर पाहून कोणी कायमचा मजकूर पास करतं का? मी मूळ मापाचा कागदी प्रिंट मागितला. ऑपरेटर कुरकुरला, पण दिला. त्यात जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडल्याने वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या, आणि बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्राच्या ओळीतला एक अनुस्वार गायब होता. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची, दुसरा मुद्रितावर बोट ठेवी. तसंच इथे केलं. मूळ प्रत वाचायला घरातलं कोणी न बसवता शेजारचे हेडमास्तर बसवले, कारण घरचा माणूस नाव दिसलं की पुढे सरकतो, अक्षर पाहत नाही. तारखा तर दाखल्यावरूनच ताडून घ्याव्यात. आमच्या कबरस्थानात एका शिळेवर मृत्यूची तारीख '३१ जून' अशी कोरलेली आहे. त्या कुटुंबाने पूर्ण पैसे दिले आहेत. दुरुस्ती म्हणजे शिळेचं सगळं तोंड घासून पुन्हा झिलई करायची, किंवा दगडाची भुकटी घालून भोक बुजवायचं. बुजवलेलं लपत नाही.

कागद बरोबर असला तरी काम तिथे संपत नाही. कोरण्याआधी दगडावर रबराचा थर चिकटवून त्यात अक्षरं कापतात. कापलेला भाग उचलून काढला की तेवढ्याच जागी वाळू दगड खाते. अनुस्वाराचा ठिपका उचलायचा राहिला तर तो कोरलाच जात नाही. आणि 'व', 'ब' यांच्या पोटातला रबराचा बारका तुकडा माऱ्यात उडाला की पोट बुजून नुसता खड्डा होतो. म्हणून अक्षर जाड वळणाचं घ्यावं, एका इंचाहून लहान नको, आणि रबर लावून झाल्यावर वाळू सोडण्याआधी एकदा पाहायला जावं. मी गेलो तेव्हा दोन ठिपके राहिलेले होते. कारागीर पोरगा हुशार होता, हिंदी भाषक. त्याला मराठी वाचता येत होतं, पण हे वाचायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने पिनेच्या टोकाने ठिपके उचलले आणि मग आपणहून बाकीची ओळ माझ्याबरोबर वाचून काढली. सगळ्या व्यवहारात मनापासून काम करणारा तो एकटा भेटला.

सोनेरी रंग भरायचा आग्रह झाला, मी नको म्हटलं. रंग काही वर्षांत उडतो आणि अर्धा उडालेला रंग न भरलेल्या अक्षराहून वाईट वाचतो. सणाआधी कबरी धुताना काही जण फरशीवरचं ॲसिड वापरतात, तेही बंद व्हावं. लोहाचा अंश असलेल्या दगडावर त्याने तांबूस डाग उठतात. साधं पाणी, सौम्य साबण आणि नारळाची शेंडी पुरते. मेणबत्त्या दगडावर उभ्या न करता मातीच्या पणतीत लावाव्यात, रंगीत मेण दगडात मुरतं.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक चर्चच्या पंच कमिटीने कबरीची जागा देतानाच एक कागद हातात द्यावा: शिळेची उंची-रुंदी किती चालेल, पक्कं बांधकाम चालेल का, शुल्क किती. आमच्याकडे एका घराने चार फुटांची शिळा करून आणली आणि फाटकावर कळलं की तीन फुटांच्या वर परवानगी नाही. ती तशीच भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. दुसरी मागणी व्यापाऱ्यांकडे. पक्क्या बिलावर दगडाचं नाव, खाणीचा भाग, मोजलेली जाडी आणि कोरण्याची पद्धत लिहा, आणि मूळ मापाचं प्रूफ गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय पुढे पाठवू नका. लग्नपत्रिका छापताना एवढं सगळेच करतात.

आमच्या कमिटीला मी लेखी दिलं आहे. पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले. नगरच्या ग्रॅनाइटवाल्यांपैकी कोणाला यावर काही म्हणायचं असेल तर त्यांनी याच सदरात लिहावं. मी हे पान रोज वाचतो, पेन्सिल हातात घेऊन.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, अहिल्यानगर