आईचा अंगठा आणि बाबांचं खेचणं

प्रिय आई-बाबा,

एक्सरे बघितला, घाबरण्यासारखं काही नाहीये. अंगठ्याच्या अगदी मुळाशी, मनगटाजवळ जो सांधा आहे तिथली गादी झिजलीये, पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे खूप कॉमन आहे, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या काकूंचं हेच असतं.

बाबा, रोज रात्री बाम लावून तिचा अंगठा शेंड्याला धरून खेचता आणि कट्ट वाजवता ना, ते आधी बंद करा प्लीज. तो सांधा म्हणजे एका खोगिरावर दुसरं आडवं ठेवलंय असा आहे, म्हणून तर अंगठा सगळीकडे फिरतो, पण हाडांचा आधार कमी, सगळी भिस्त लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, आणि स्नायूंवर. आणि चिमटीत १ किलोचा जोर लावला की मुळाशी साधारण १२ किलो येतो, कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ सालीच हे गणित मांडलंय. आता आई चादर पिळते तेव्हा काय होत असेल विचार करा!

खेचायचंच तर असं खेचा. आईचा हात टेबलावर टॉवेलवर ठेवा, करंगळीची बाजू खाली. एका हाताच्या चिमटीत मनगटाकडचं छोटं हाड घट्ट धरा, ते हलू द्यायचं नाही, दुसऱ्या हाताने अंगठ्याचं लांब हाड सांध्याच्या जितकं जवळ धरता येईल तितकं धरा आणि हाडाच्या सरळ रेषेत हळूच ओढा, दहा सेकंद धरून सोडा, असं पाच-सहा वेळा. आईला मोकळं वाटलं पाहिजे, दुखलं की थांबायचं. सूज असेल किंवा सांधा गरम लागला तर त्या दिवशी हातच लावू नका.

याने झीज भरून येत नाही हं, दुखणं कमी होतं एवढंच. म्हणून नंतर अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग चोळा, तो आखडला की अंगठा आत ओढला जातो आणि मुळाशी तो उंचवटा दिसायला लागतो. आई, तू तर्जनी आणि मधल्या बोटाला रबरबँड लावून तर्जनी अंगठ्याकडे ढकलायची, तर्जनीला असं ढकलणारा स्नायूच सांध्याला जागेवर धरतो आणि त्याला कोणी विचारतच नाही.

खवणी बाबांकडे, पिळायचं काम मशीनकडे. अंगठ्याला आधार देणारा पट्टा (स्प्लिंट) कुरिअरने पाठवतेय, झोपताना नाही, काम करताना घाल. आणि बाबा, पहिल्यांदा करताना व्हिडिओ कॉल लावा, पकड बरोबर आहे का ते मला बघू दे.

तुमची,
मनू